फळं खाणारी वटवाघळं: खानापूर-बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची काजूची बाग आहे. बागेपासून हाकेच्या अंतरावर, शिवेवरच्या जुन्या वडावर वटवाघळांची वस्ती आहे. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणीही ती होती. बरीच वर्षं मी या वस्तीवर लक्ष ठेवून आहे, म्हणून गावातले, पाहुण्यारावळ्यांतले आणि बेळगावातले ओळखीचे लोक मलाच विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

पाकोळी आणि वटवाघूळ एकच का?

नाही. तिन्हीसांजेला कौलांच्या फटीतून सुर्रकन बाहेर पडून दिव्याभोवती गिरक्या घेते, तिला आपण पाकोळी म्हणतो. तीही वटवाघळांतलीच, पण लहान. ती डास, पतंग, भुंगे असे किडे खाते. तिचे डोळे बारीक असतात. आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर ती अंधारात वाट काढते. वडावर लटकतं ते मोठं वटवाघूळ वेगळं. आमचे कन्नड बोलणारे शेजारी त्याला बावली म्हणतात. त्याचं खाणं म्हणजे फळं, फुलांतला मध आणि थोडाफार पाला. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत, त्यांत फळांवर जगणाऱ्या थोड्याच.

आपल्या भागात फळं खाणारी कोणती वटवाघळं दिसतात?

मुख्यतः तीन. सगळ्यांत मोठं ते उडणारा कोल्हा म्हणून ओळखलं जाणारं. तोंड खरंच कोल्ह्यासारखं, मानेभोवती पिवळसर तांबूस केस, पंख पसरले की चार ते पाच फूट. वजन किलोच्या आसपास, कधी दीड किलोपर्यंत. हे उघड्यावर राहतं: वड, पिंपळ, चिंच, आंबा, निलगिरी, जे उंच झाड सापडेल त्यावर.

दुसरं त्याहून बरंच लहान, तपकिरी रंगाचं. गुहा, पडके वाडे, किल्ल्यांची तळघरं, जुन्या विहिरी आणि बोगदे ही त्याची घरं. तिसरं सगळ्यांत लहान, आखूड नाकाचं, वजन जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम. पेरूच्या झाडावर रात्री धडपड ऐकू येते आणि सकाळी अंगणात अर्धवट खाल्लेला पेरू सापडतो, ते बहुतेक वेळा याचंच काम.

दिवसभर उलटी लटकून ती थकत नाहीत? झोपेत पडत नाहीत?

आपल्याला बारला लटकायचं तर मूठ आवळून धरावी लागते. वटवाघळाचं उलट आहे. त्याच्या पायाचा स्नायुबंध असा आहे की अंगाच्या भारानेच नख्या फांदीवर आवळल्या जातात आणि तिथेच अडकून राहतात. म्हणजे धरून ठेवायला त्याला जोर लागत नाही, सोडायला लागतो. एखादं मेलेलं वटवाघूळ दोन-दोन दिवस फांदीला तसंच लटकलेलं दिसतं, ते यामुळेच.

उलटं लटकण्यात त्याचा फायदाही आहे. पंख पेलून जमिनीवरून झेप घेणं या मोठ्या वटवाघळाला फार जड जातं. फांदी सोडली, खाली आलं आणि पंख उघडले की झालं. म्हणून त्याला उंच आणि खाली मोकळी जागा असलेलं झाड हवं असतं.

दुपारी वडाखाली शांतपणे अर्धा तास उभे राहून बघा. सगळी झोपलेली नसतात. कुणी पंखाने वारा घेत असतं, कुणी अंग चाटत असतं, दोघांची फांदीवरच्या जागेवरून भांडणं चाललेली असतात. शी-शू करायची वेळ आली की अंगठ्याच्या नख्यांनी फांदी पकडून ते सुलटं होतं आणि काम झालं की परत उलटं. स्वतःच्या अंगावर घाण होऊ नये म्हणून केलेला हा खटाटोप मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हापासून या प्राण्याला कुणी घाणेरडा म्हटलं की मला वाईट वाटतं.

वटवाघळं आंधळी असतात ना?

मुळीच नाही. फळं खाणाऱ्यांचे डोळे मोठे आणि तपकिरी असतात आणि मिणमिणत्या उजेडातही त्यांना चांगलं दिसतं. मोठं वटवाघूळ प्रतिध्वनीचा वापर करतच नाही. डोळे आणि नाक यांवरच त्याचा सगळा कारभार. गुहेत राहणारं तपकिरी वटवाघूळ मात्र जिभेने टक-टक आवाज काढून मिट्ट काळोखात वाट शोधतं. त्याला गुहेत राहता येतं ते या युक्तीमुळे.

ज्या तोंडाने खातात त्याच तोंडाने हगतात, हे खरं का?

नाही, पण ही समजूत कशावरून पडली असेल ते कळतं. वटवाघूळ फळाचा घास तोंडात घेतं, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून रस गिळतं आणि उरलेला चोथा थुंकून टाकतं. आपण ऊस खाऊन चिपाड टाकतो तसंच. उडायचं तर पोट हलकं हवं, तंतूंचा भार वाहून काय करणार? उंबराच्या दिवसांत झाडाखाली हे चपटे, कोरडे चोथे पडलेले सापडतात. त्यांवर टाळूच्या वळ्यांचे ठसेही दिसतात.

विष्ठा वेगळी असते आणि ती बाकीच्या प्राण्यांसारखी योग्य जागेतूनच पडते. खाल्लेलं फळ साधारण अर्ध्या तासाच्या आत बाहेर येतं. पुढच्या प्रश्नासाठी हा आकडा लक्षात ठेवा.

त्यांचा रानाला काय उपयोग?

पश्चिम घाटाच्या रानात फळझाडांना आपलं बी दूर पाठवायचं असतं. झाडाखालीच पडलेल्या बीला सावलीत ऊन मिळत नाही, किडे आणि उंदीर तिला संपवतात. दिवसा हे काम धनेश, बुलबुल करतात. रात्री वटवाघळं.

दोघांच्या कामात फरक आहे. पक्षी बहुधा फांदीवर बसून बी टाकतात, त्यामुळे ती पुन्हा कुठल्यातरी झाडाखालीच पडते. वटवाघळं उडता उडताही विष्ठा टाकतात आणि उघड्या माळावरून, तोडलेल्या रानावरून, शेताच्या बांधावरून जायला ती घाबरत नाहीत. जिथे झाड उरलेलं नाही तिथे बी पडते. उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक यांच्या बारीक बिया अशा हजारोंनी पेरल्या जातात. देवळाच्या शिखरावर किंवा पडक्या भिंतीत पिंपळ उगवलेला दिसतो, तो पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनीच नेलेला. जांभूळ, उंडी, देशी बदाम यांच्या बिया पोटातून जाण्याएवढ्या लहान नसतात, मग ती फळं तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, गर खातात आणि बी तिथे टाकतात.

वड-उंबराच्या कुळातली झाडं रानाचा कणा आहेत. बाकीची झाडं ठरावीक महिन्यातच फळतात, पण यांतलं कुठलं ना कुठलं झाड बाराही महिने फळावर असतं. कणकुंबीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आठ-आठ दिवस हात आखडत नाही. तेव्हा रानात दुसरं फारसं फळ नसतं आणि माकड, शेकरू, धनेश, वटवाघूळ सगळे उंबरावर जगतात. म्हणजे वटवाघूळ जे झाड लावतं त्यावर अर्धं रान पोसलं जातं.

शिवाय फुलं. टेटूचं झाड पाहिलं आहे का? तलवारीएवढ्या शेंगा लागतात ते. त्याची जाड, उग्र वासाची फुलं रात्री उघडतात आणि सकाळी झडतात. ती वटवाघळांसाठीच असतात. सावरीच्या लाल फुलांवर दिवसा मैना-कावळे आणि रात्री वटवाघळं येतात. केळफुलांवर आणि रानकेळीवरही त्यांची ये-जा असते. मध चाटताना तोंडाला लागलेला पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. सावर आणि टेटू एकमेकांपासून दूर दूर वाढतात, तेव्हा रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर फिरणारा दूत त्यांना लागतोच.

पण काजूचं नुकसान करतात त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर मी पुस्तकातून नाही, बागेतून देतो.

वटवाघळाला काजूची बी नको असते, बोंड हवं असतं. ते पिकलेलं बोंड बीसकट तोडतं, थोड्या अंतरावरच्या मोठ्या झाडावर नेतं, तिथे लटकून बोंडाचा रस पितं आणि बी खाली सोडतं. आमच्या बागेच्या कडेला एक रायवळ आंबा आहे. एप्रिलमध्ये सकाळी गुरं सुटायच्या आधी त्या आंब्याखाली गेलं की पाचोळ्यात बिया मिळतात. प्रत्येक बीला बोंडाचा कुरतडलेला, वाळत चाललेला तुकडा चिकटलेला. बी मात्र शाबूत. माझी आई ओंजळीने गोळा करते आणि बाकीच्या बियांबरोबर वाळत घालते. केरळातल्या गावांतही शेतकरी वटवाघळांच्या झाडाखालून अशा काजू आणि सुपाऱ्या वेचतात. ही मजुरीशिवाय झालेली तोडणीच म्हणायची.

काही बिया हातून सुटतात, हे खरं. रानात, ओढ्याकाठी जिथे पडल्या तिथून त्यांची रोपं येतात. तेवढा वाटा मी सोडून देतो.

आणि पेरू, चिकू, आंबा, द्राक्षं?

इथे नुकसान खरोखर होतं आणि ते नाकारून उपयोग नाही. अथणी-चिक्कोडीकडच्या द्राक्षबागांत, घरगुती पेरू-चिकूवर वटवाघळं येतात. त्यांना पिकलेलं फळच आवडतं, म्हणून आंबा-चिकू पाडाला आल्यावर लगेच उतरवला तर निम्मा प्रश्न मिटतो. थोडी झाडं असतील तर फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा.

जाळी लावायची तर बारीक आणि ताणून बसवलेली लावा. आपलं बोट आरपार जात असेल तर ती जाळी चुकीची. मासे धरायचं जुनं जाळं झाडावर सैल टाकतात, त्यात वटवाघळं, घुबडं, साप अडकून तडफडून मरतात आणि फळं तरीही वाचत नाहीत. कुंपणाच्या वरच्या ओळीला काटेरी तार असेल तर तिथे पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, म्हणजे ती अंधारात दिसते. तारेत पंख फाटलेलं वटवाघूळ मी दोनदा सोडवलं आहे. पंखाचं कातडं पातळ, आपल्या पापणीसारखं असतं. ते काट्यातून ओढायचं नसतं, तारच कापायची असते.

आणि बांधावरचं उंबर तोडू नका. उंबर फळलेलं असलं की ती बागेपेक्षा तिकडे जास्त जातात, असा माझा अनुभव आहे.

निपाहची भीती आहे. वस्ती हाकलून लावावी का?

भीती समजण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर.

निपाह विषाणू पहिल्यांदा 1998-99 मध्ये मलेशियात, डुकरं पाळणाऱ्या भागात सापडला. भारतात 2001 मध्ये सिलिगुडीला आणि 2018 पासून केरळात काही वेळा त्याची साथ आली. मोठं फळखाऊ वटवाघूळ त्याचं नैसर्गिक घर आहे. विषाणू त्याच्या अंगात राहतो, त्याला सहसा आजारी पाडत नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये घेतले होते. त्यांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मिळाली आणि 2021 मध्ये ती बातमी आली. गुहेत राहणारं ते आपलं तपकिरी वटवाघूळ. अर्थात विषय आपल्या दारापासून फार लांब नाही.

पण विषाणू वटवाघळाच्या अंगात असणं आणि तो माणसाला होणं यांत बरंच अंतर आहे. तो प्रत्येक वटवाघळातून सतत बाहेर पडत नाही. बांगलादेशात तो मुख्यतः खजुराच्या कच्च्या रसातून पसरला, कारण रात्रभर झाडाला लटकलेल्या मडक्यात वटवाघळं तोंड घालतात आणि सकाळी तो रस न उकळता प्यायला जातो. झाडाखालून नुसतं चालत गेल्याने हा रोग होत नाही.

तेव्हा करायचं ते असं. चोचलेलं, कुरतडलेलं, दातांच्या खुणा असलेलं फळ खाऊ नका आणि गुरांना-डुकरांनाही घालू नका. पोरांना हे बजावून सांगा, कारण खाली पडलेला अर्धा पेरू उचलून पुसून खाणारी तीच असतात. बाकीची फळं धुऊन, शक्य तिथे सोलून खा. माडी-नीरेचं मडकं रात्री उघडं ठेवू नका. विहिरीवर वस्ती असेल तर विहीर जाळीने झाका आणि पाणी उकळून प्या. बोंडातल्या बिया वेचताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. आई आता तसंच करते. मेलेलं किंवा आजारी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

हाकलून लावणं हा यावरचा उपाय नाही, उलट धोका त्याने वाढतो. घाबरलेली, उपाशी, ताणाखाली असलेली वटवाघळं विषाणू जास्त बाहेर टाकतात आणि पांगून नव्या वाड्या-वस्त्यांवर जातात. जुनी वस्ती आहे तिथे शांत राहू देणं माणसाच्या हिताचं आहे.

ती रक्त पितात का?

नाही. रक्तावर जगणाऱ्या तीनच जाती जगात आहेत आणि त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत.

घरात वटवाघूळ आलं तर अपशकुन? आणि दम्यावर मांस, सांधेदुखीवर तेल?

घरात आलेलं वटवाघूळ वाट चुकलेलं असतं. दिवे मालवा, खिडक्या-दारं उघडा, पंखा बंद करा. ते आपोआप जातं.

त्याच्या मांसाने दमा बरा होतो याला कसलाही आधार नाही. तेलाचंही तसंच. उलट कापताना-सोलताना त्याच्या रक्ताशी संबंध येतो, म्हणजे ज्या रोगाला आपण घाबरतो त्यालाच आमंत्रण. दम्याला आता स्वस्त आणि चांगली औषधं आहेत. लेकराला वटवाघळाचं मांस खाऊ घालणाऱ्या आयांनी कृपया ती औषधं द्यावीत.

भीमगडच्या गुहेतलं प्रसिद्ध वटवाघूळ हेच का?

ते वेगळं. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत जे राहतं ते किडे खाणारं, मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ आहे. 1913 मध्ये शास्त्राला त्याची पहिली ओळख याच गुहेतून झाली आणि पुढे कित्येक दशकं जगात त्याची एवढी एकच जागा माहीत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. 2011 मध्ये भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यात या प्राण्याचा मोठा वाटा आहे. खानापूरच्या माणसाला याचा अभिमान वाटायला हवा. गुहा बघायला मात्र जाऊ नका. टॉर्च, धूर, गोंगाट यांनी गुहेतली वटवाघळं पिल्लं टाकून उडतात.

कायदा काय सांगतो?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कितीतरी वर्षं कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. 1 एप्रिल 2023 पासून दुरुस्त कायदा लागू आहे आणि मोठं फळखाऊ वटवाघूळ आता दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित आहे. मारलं तर तुरुंग आणि दंड होऊ शकतो. आमच्या भागात अजून अनेकांना जुनीच गोष्ट माहीत आहे.

वड तोडला तर ती दुसऱ्या झाडावर जातील की. एवढं काय?

खायला ती कुठेही जाऊ शकतात. राहायला नाही, हा मुद्दा लोकांना पटवून देताना माझा घसा कोरडा पडतो.

वस्तीचं झाड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा पत्ता असतो. उंची, खालची मोकळी जागा, मे महिन्यातली दाट सावली, जवळ पाणी आणि आजूबाजूला त्रास न देणारी माणसं, एवढं सगळं एका जागी जुळावं लागतं. पाणी तर त्यांना उन्हाळ्यात रोज लागतं. तळ्यावरून खाली झेपावून पोट बुडवतात आणि मग फांदीवर बसून केस चाटतात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. पिल्लं फेब्रुवारी ते मे या महिन्यांत जन्मतात. सुरुवातीला आई पिल्लाला छातीला धरूनच रात्री उडते. ते जड झालं की त्याला वस्तीवर ठेवून खायला जाते. वर्षाला एक, म्हणजे पन्नास वटवाघळं मेली तर ती भरून निघायला किती वर्षं लागतील याचा हिशेब करा.

काही वर्षांपूर्वी, आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, रस्त्याच्या कामासाठी वस्ती असलेली एक चिंच पाडली. एप्रिल महिना होता. बातमी कळून मी पोचलो तेव्हा झाड आडवं झालं होतं. मोठी वटवाघळं भर उन्हात वर घिरट्या घालत होती आणि पिल्लं फांद्यांखाली, रस्त्यावर, गटारात चिरक्या आवाजात ओरडत होती. काही आया खाली येऊन पिल्लं घेऊन गेल्या. बऱ्याच आल्या नाहीत. ती वस्ती पुन्हा एकत्र आली नाही. काही निलगिरीवर, काही कुठे, अशी फुटली. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, कागदावर फक्त झाड होतं.

म्हणून झाडाची यादी करताना त्यावरच्या वस्तीचीही नोंद करायला लावा. ग्रामपंचायतीत, ग्रामसभेत, लेखी. झाड काढणं टळणारच नसेल तर निदान फेब्रुवारी ते जून त्याला हात लावू देऊ नका. दिवाळीत वस्तीच्या झाडाखाली फटाके नकोत. वडाची पानं झडून तो बोडका दिसतो म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात पालवी येते. वास येतो, आवाज होतो, हे मान्य. त्या वडाच्या सावलीला राहणारे आम्ही ते सोसतो.

शाळेच्या आवारातल्या अशोकावर लहान वटवाघूळ आहे. काढायचं का?

राहू द्या. ते आखूड नाकाचं वटवाघूळ आहे. उंच सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाच्या, भेरली माडाच्या किंवा वेलीच्या फांद्या चावून-चावून नर आतल्या बाजूला पोकळ तंबू बनवतो. त्याला कित्येक दिवस लागतात. तंबू चांगला जमला तर काही माद्या त्यात राहायला येतात. खाली पडलेली चावलेली पानं आणि बिया यांवरून जागा कळते. मुलांना लांबून दाखवा, रोज झाडाखालचं झाडून घ्या, एवढंच.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?

आधी वर बघा. आई जवळच असते आणि अनेकदा खाली येऊन घेऊन जाते. तिला एक तास द्या, माणसं-कुत्री दूर ठेवा. आली नाही तर जाड टॉवेलने उचला, उघड्या हाताने नाही. दूध पाजू नका. टॉवेलला धरून ते आपोआप लटकतं. हवा जाईल अशा खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला 1926 वर फोन करा. हाच नंबर कर्नाटकात आणि पलीकडे महाराष्ट्रातही चालतो. कुणी येईपर्यंत संध्याकाळ झाली तर खोकं उघडं करून, पिल्लू धरून बसेल असा खरखरीत फडका वरून सोडून, वस्तीच्या झाडाच्या फांदीला जमेल तितकं उंच बांधा आणि दूर जाऊन बसा. दोन वर्षांपूर्वी आम्ही तसं केलं होतं. साडेसातला वड रिकामा झाला, पिल्लू एकटंच ओरडत राहिलं. नऊच्या सुमाराला एक मादी परत आली, तीन फेऱ्या मारल्या आणि फडक्यावर उतरली. टॉर्च आम्ही लावला नाही. सकाळी खोकं रिकामं होतं.